नाव, बापाचं नाव, गाव

लोकांना हसवणाऱ्या माणसांचा मला राग आहे, आणि त्यांच्यापुढे बसून हसणाऱ्यांचा त्याहून जास्त. आमच्या कुळगावात गणपतीत नकलाकार आला की मालिनी, आमची ही, शेजारणींबरोबर सतरंजी घेऊन आधीपासून जागा धरून बसते, आणि मी दार लावून घरात पेपर वाचतो. गद्र्यांचं तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं, असं आळीत म्हणतात. म्हणोत बापडे. एके काळी मीसुद्धा पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून मांडीवर थाप मारून हसलेलो आहे. ते हसणं मला कसं भोवलं हे सांगायचं तर हरिचंद्र भोईरबद्दल सांगावं लागतं, आणि त्या माणसाबद्दल चांगलं बोलायची माझी आजही तयारी नाही. पण खोटंही बोलवत नाही. खोटं एकदा बोलून झालेलं आहे.

१९४८ सालच्या अखेरीला मी कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, रेशनच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. लढाईच्या दिवसांत सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी होत्या, त्यांत सिंधमधून आलेली माणसं भरली होती. एकेका बराकीत पोत्यांचे पडदे लावून दहा-बारा बिऱ्हाडं. वर्षभरात छावणीचं उल्हासनगर झालं, तरी आमच्या तोंडी कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन हेच राहिलं. आमची खिडकी तीन नंबरात होती. आत टेबलाशी मी, बाहेर रांग, आणि रांगेच्या तोंडाशी शिपाई हरिचंद्र जनू भोईर.

वय पंचेचाळीसच्या आसपास. रंगाने काळा, छातीने रुंद, खाली गुडघ्यापर्यंत धोतर आणि वर सरकारी खाकी कोट. तो कोट त्याला कधी छातीवर मिटला नाही, म्हणून गुंड्या उघड्याच असायच्या. लहानपणापासून तो बापाबरोबर भाईंदरकडे मिठाच्या आगरात कामाला जायचा. आगरातले बांध वीतभर रुंद. त्यांवरून चालून चालून त्याला सपाट रस्त्यावरही एका पावलापुढे दुसरं पाऊल नेमकं टाकत, हात जरा फाकवून चालायची सवय लागली होती. आवाज म्हणाल तर दोन बराकी ओलांडून जायचा.

त्याचं काम सोपं होतं. कार्डवाल्याला नाव विचारायचं, ते मोठ्याने म्हणायचं, मी रजिस्टरात खूण करायची. पण हरिचंद्र प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायचा. नाव? बापाचं नाव? गाव? बापाचं नाव एक वेळ समजू शकतो, कारण एकाच नावाची पन्नास माणसं रांगेत असत. गावाची काही गरज नव्हती. मी त्याला शंभरदा सांगितलं. साहेबांनी दमात घेतलं. तो मान डोलवायचा आणि पुढच्या माणसाला गाव विचारायचा. आणि हे प्रत्येक आठवड्याला, त्याच माणसांना. कोणी चिडून उल्हासनगर सांगितलं तर पटकन म्हणायचा, ते नाय, मागचा गाव. मग तो माणूस दात-ओठ खात शिकारपूर किंवा रोहरी असं काहीतरी म्हणायचा, हरिचंद्र ते गावभर ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायचा, तेव्हा कुठे कार्ड माझ्यापर्यंत यायचं. सत्तर वर्षांच्या म्हातारीलासुद्धा हा बापाचं नाव विचारी. बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही एवढी समज त्याला होती, पण गाव सोडायचा नाही.

कॅम्पातली माणसं त्याच्यावर खार खाऊन असायची, आणि तोही त्यांच्यावर. त्याचं कारण सगळ्या कचेरीला तोंडपाठ होतं, कारण नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकवायचा. कॅम्प आहे तिथे पूर्वी करवंदपाडा नावाची सात घरांची वस्ती होती. लढाईच्या वर्षांत छावणीसाठी जमीन गेली. मोठ्या गावांची नावं यादीत आली, करवंदपाड्याचं आलं नाही. यादीतच नाही, तर त्या सात घरांना मिळणार काय? मिळालं ते एवढंच, की सात वर्षांनी त्यातल्या एकाला तिथेच शिपायाची नोकरी. माझ्याकडे बोट करून तो म्हणायचा, "भाऊसायब, यो तुमचा टेबल हाय ना, यो माज्या बापाच्या खल्यावर हाय." रोज कोणाच्या तरी खळ्यावर बसून काम करायचं म्हणजे माणसाचं डोकं फिरतं. मला तो आवडत नव्हता हे मी लपवलं नाही.

लपवलं ते वेगळंच. वर्षभर रांगेसमोर बसून मला त्यांची सिंधी समजू लागली होती. बोलायला जमलं नसतं, पण ऐकायला पुरेशी. आणि मी ती समजत असल्याचं चुकूनही चेहऱ्यावर दाखवलं नाही. खिडकीत मख्खासारखा बसून असायचो, आणि बाहेर लोक बिनधास्त बोलायचे. कोणाची आजी माघात वारली तरी तिचं नाव कार्डावर आहे, कोणाचा मुलगा मुंबईला राहायला गेला तरी इथे त्याचे गहू चालू आहेत. मी दोन दिवस थांबायचो आणि मग चौकशी लावायचो. नावं कमी व्हायची. साहेब म्हणायचे, गद्रे, तुमची नजर घारीची. नजर कसली, कान होते, पण शाबासकी कोणाला नको असते?

लोकांना वाटलं, कोणीतरी आतली माहिती पुरवतो. दिवसभर रांगेत आपल्यामध्ये उभा कोण असतो? हरिचंद्र. त्याला सिंधीचा एक शब्द कळत नव्हता, पण ठपका त्याच्यावर बसला. बराकींतून जाताना त्याच्या पाठीमागे थुंकल्याचा आवाज यायचा. मला हे दिसत होतं. मी काही बोललो नाही, कारण बोलायचं तर माझे कान दाखवावे लागले असते.

आता तो हसवणारा. १९५० साली चेटीचंडला, म्हणजे त्यांच्या वर्षप्रतिपदेला, तीन नंबरच्या मैदानात भगत ठेवला होता. भगत हा त्यांचा खेळ, आणि खेळ करणाऱ्यालाही भगतच म्हणतात. या भगताचं नाव टहिलराम. पायघोळ झगा, डोक्याला फेटा, पायात घुंगरू. गाणं म्हणायचा, गिरकी घ्यायचा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये नुसता एकटा उभा राहून बोलायचा. सोंग नाही, पेटी नाही, तबला थांबलेला. एक माणूस आणि त्याचं तोंड. त्यावर हजारभर माणसं खाटांवर, पोत्यांवर, बराकीच्या पायऱ्यांवर बसून पोट धरून हसायची. ऊन कलल्यावर खेळ सुरू झाला. कचेरीतल्या आम्हा लोकांना पुढे खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्या खुर्च्यांवर दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून हरिचंद्र बाजूला उभा होता.

त्या खेळात एक रीत होती, ती आधी सांगतो. ऐकणाऱ्यातला कोणीही उठून देवाच्या नावाने भगताच्या हातावर नाणं ठेवू शकतो. त्याला ते घोर म्हणतात. नाणं पडलं की भगताने गाणं असो, गोष्ट असो, जिथल्या तिथे थांबायचं, देणाऱ्याकडे कान करून त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव विचारायचं, आणि ते तीनदा मोठ्याने पुकारून आशीर्वाद द्यायचा. मेलेल्या माणसाच्या नावानेही देतात. नाही म्हणायचं नाही, कारण घोर देवाची असते. त्या दिवशी जे उठले त्यांतल्या एकानेही गाव म्हणून उल्हासनगर सांगितलं नाही. सगळे मागचं गाव सांगत होते. पुकारलं जाताना काही बाया डोळे पुसत होत्या. हरिचंद्र हे सगळं टक लावून बघत होता.

दोन गाणी झाल्यावर टहिलराम थांबला, कानामागे हात धरला आणि हरचंद, हरचंद असं म्हणू लागला. कॅम्पात हरिचंद्रला हरचंदच म्हणत. सिंधीत तो म्हणाला ते असं, की आपण सगळं सिंधमध्ये सोडून आलो असं समजत होतो, ते चूक. आपली सगळी गावं इथेच आहेत. हरचंद दर आठवड्याला माझ्याकडून माझं गाव मागून घेतो आणि परत देत नाही. शिकारपूर त्याच्या डाव्या खिशात, रोहरी उजव्या खिशात, म्हणून तर त्याच्या कोटाच्या गुंड्या लागत नाहीत. आणि कान तर असे, की आजी पहिल्या बराकीत शेवटचा श्वास घेते आणि तिचे गहू तिसऱ्या बराकीत बंद होतात.

हजार माणसं हरिचंद्रकडे वळून हसत होती. त्याला एवढंच कळलं, की आपलं नाव घेतलं जात आहे, पुन्हा पुन्हा, आणि लोक आपल्याकडे बघून खूश आहेत. नाव घेतात ते मान द्यायला, हे तर त्याने आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. तो ताठ उभा राहिला, हसला आणि सगळीकडे वळून हात जोडले. त्यावर जो हशा उसळला तो अजून माझ्या कानात आहे. आणि त्यात मी होतो. खरं तर मी सगळ्यांच्या आधी होतो. आजीच्या गव्हाची गोष्ट तर माझीच होती. आपण केलेल्या कामावर दुसऱ्याची टिंगल होताना बघायला फार मजा येते, हे मी त्या दिवशी शिकलो आणि मांडीवर थाप मारली.

परतताना हरिचंद्रने मला गाठलं. "भाऊसायब, तो माज्या नावानं काय बोल्ला?"

मी म्हणालो, तुझं कौतुक केलं. कॅम्पात एकच माणूस आहे ज्याला आमची गावं लक्षात आहेत, असं म्हणाला. तुम्हाला कसं कळलं असं तो विचारेल, म्हणून मीच पुढे सांगून टाकलं, की शेजारच्या माणसाने मला समजावलं.

"पयले तुमी हसले, शेजारचा तं मागून हसला," हरिचंद्र म्हणाला. मी घड्याळात बघून झपझप चालू लागलो. त्यानेही विषय वाढवला नाही.

त्या खोट्याने माणूस बदलला. गबाळा कोट धुऊन आला. रांगेत आता तो हसून विचारायचा, नाव, बापाचं नाव, गाव, आणि शिकारपूर ऐकलं की चांगला गाव असं म्हणून कार्ड घ्यायचा. लोकांना वाटायचं हा चिडवतो आहे, आणि ते जास्तच खदखदून हसायचे. तो ते हसणंही पदरात घ्यायचा. बायको काशीला त्याने सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, की कॅम्पात आपला नाव घेतात. अंबरनाथच्या अंगाला मेहुण्याच्या जागेत त्याची झोपडी होती, तिथल्या सगळ्यांना हे पाठ झालं.

हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण मध्ये त्याच्या मुलीचं लग्न आलं. विठा तिचं नाव. तिला अंबरनाथच्याच एका घरातून मागणी होती. मुलाचा बाप चंदू केणी हा शेतीभाती असलेला, जरा तालेवार माणूस. मुलगी पसंत होती, पण केणी सुपारी फोडायला तयार होत नव्हता. मेहुण्याच्या जागेत राहणाऱ्या, स्वतःचा बांध नसलेल्या माणसाशी सोयरीक कशी करायची, असं तो चारचौघांत बोलला होता. हे हरिचंद्रच्या कानावर आलं. त्याच्याजवळ जमीन नव्हती, घर नव्हतं. दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती मी त्याला दिलेली होती.

वैशाखात तीन नंबरात सिंध्यांचं मंदिर, टिकाणा म्हणतात ते, सुरू व्हायचं होतं आणि टहिलराम पुन्हा येणार होता. हरिचंद्रने चंदू केणी आणि त्याची बायको कमळाबाई यांना बोलावलं. मला येऊन म्हणाला, तुमीबी या, व्याह्याला वलख करून देतो. मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्या दोन वाक्यांत माझं गुपित फुटलं असतं, साहेबांची शाबासकी गेली असती, आणि कॅम्पातून रोज एकट्याने स्टेशनपर्यंत चालत जायचं होतं. मी म्हणालो, येतो.

खेळ पाचाला सुरू झाला. हरिचंद्रने व्याह्यांना माझ्याशेजारी खुर्च्यांवर बसवलं. काशी आणि तो खाली बसले. त्याच्या कोटाच्या खिशात चिल्लर वाजत होती. घोर द्यायची आणि व्याह्यासमोर आपलं नाव पुकारून घ्यायचं, ही त्याची तयारी होती. चंदू केणी पाय पसरून बसला आणि म्हणाला, बघू तुमचा मान.

टहिलरामने त्या दिवशी झग्यावर खाकी कोट चढवला होता. पहिल्या गाण्यानंतर त्याने पायाच्या अंगठ्याने धुळीत एक सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेवरून एका पावलापुढे एक पाऊल टाकत, हात फाकवून चालू लागला. बोलला काहीच नाही. पुरी सभा हसून कोसळली. मग त्याने झग्यातून दोन मोठे भाजलेले पापड काढले, दोन कानांना लावले आणि बराकींकडे कान वळवत वळवत चालला. एका बराकीकडे थांबून ऐकल्यासारखं केलं आणि हवेत बोटाने काट मारून कोणाचं तरी नाव कमी केलं. शेवटी रांगेसमोर उभं राहिल्यासारखा थबकला आणि मराठीत ओरडला, "नाव? बापाचं नाव? गाव?"

यात समजायला सिंधी लागत नव्हती. चंदू केणी अगदी यो हरिचंद्रच, असं म्हणून मोठ्याने हसला आणि मग कोणाशेजारी बसलो आहोत हे आठवून गप्प झाला. कमळाबाईने पदर तोंडात कोंबला होता. काशी जमिनीकडे बघत होती. हरिचंद्रने आधी टहिलरामकडे पाहिलं, मग त्या पापडांकडे, आणि मग मान वळवून माझ्याकडे. मी चपलेचा अंगठा न्याहाळू लागलो. मला वाटलं आता हा उठून त्याच्या अंगावर जाणार, आणि खोटं कशाला बोलू, तो गेला असता आणि चार माणसांनी त्याला झोडपलं असतं तर मी सुटलो असतो.

तो उठला. त्याच चालीने, एका पावलापुढे एक पाऊल टाकत मैदानाच्या मध्यावर गेला. लोक लोळायचे बाकी राहिले. त्याने खिशातून नाणं काढलं आणि टहिलरामच्या हातावर ठेवलं.

घोर. भगताला थांबणं भाग होतं. त्याने पापड खाली केले, कान पुढे केला आणि रीतीप्रमाणे विचारलं. नाव. बापाचं नाव. गाव. त्यावरही लोक हसले. हरिचंद्रने रांगेतल्या आवाजात सांगितलं, हरिचंद्र, जनू, करवंदपाडा. टहिलरामने ते तीनदा पुकारलं, आशीर्वाद दिला आणि पापड पुन्हा कानाला लावले.

हरिचंद्रने दुसरं नाणं ठेवलं. या वेळी बापाच्या नावाने. जनू, त्याचा बाप चांग्या, गाव करवंदपाडा. पापड खाली. पुकारा. पापड वर. तिसरं नाणं आईच्या नावाने. मग शेजारच्या घरातला कोणी, मग त्याच्या पलीकडचा. टहिलराम नाव घाईत उरकू लागला की हा जागचा हलायचा नाही. गाव ऱ्हायला, म्हणायचा, आणि भगताला गाव पुन्हा तीनदा पुकारावं लागायचं. सात घरं झाली. मग त्याने कोंडीचं शेत म्हणत त्या आपल्या गेलेल्या शेताच्या नावाने नाणं दिलं. शेताला बाप कुठून आणणार, असं टहिलराम मोडक्या मराठीत हसून म्हणाला.

"हाय," हरिचंद्र म्हणाला. "जनू."

लोकांचं हसू केव्हाच आटलं होतं. बस खाली, हाकला त्याला, असा ओरडा चालला होता. दोन जवान पोरं त्याला ओढायला उठली, तर टिकाण्यातल्या म्हाताऱ्याने त्यांना बसवलं. घोर थांबवता येत नाही, मंदिराच्या पहिल्याच दिवशी तर नाहीच. आणि हरिचंद्र आता प्रत्येक नाण्याबरोबर हात करून जागाही दाखवत होता. विहीर, या नळाच्या जागी. रायवळ आंबा, त्या पायरीशी. खळं, कचेरीत. जिथे हात जाई तिथली माणसं चुळबुळत उठून उभी राहत. कोणीतरी चिडून म्हणालं, आम्हाला ही जमीन मोकळी म्हणून दिली होती, आम्ही काय चोर आहोत? मैदानात एकही माणूस हसत नव्हता आणि एकही माणूस खूश नव्हता. टहिलरामच्या हातातल्या पापडांचे घामाने मऊ पडून तुकडे झाले होते. तो ते झटकून उभा राहिला.

खिशात शेवटचं नाणं राहिलं असावं. ते हातावर ठेवून हरिचंद्रने माझ्याकडे बोट केलं.

"चिंतामणी गद्रे. बापाचा नाव मना ठाव नाय, त्यांनी कदी सांगितला नाय. गाव कुलगाव. त्यांना तुमची बोली येते. पयल्यापासून येते. ते कान माजे नाय, त्यांचे."

टहिलरामने नाव आणि गाव पुकारलं. पुढचं त्याला अर्धवट कळलं असावं. मराठी जाणणाऱ्या एकाने उठून ते सिंधीत सगळ्यांना ऐकवलं. टहिलराम माझ्या खुर्चीसमोर आला, वाकला आणि अगदी गोड आवाजात, सिंधीत मला विचारलं, "भाऊ, हा म्हणतो ते खरं आहे का?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

पहिल्यांदा एक बाई हसली. मग तिच्या शेजारची. आणि मग ते सगळीकडून आलं, पायऱ्यांवरून, खाटांवरून, छपरावर चढलेल्या पोरांकडून. तो काय हशा होता! मी अजून मान हलवतच होतो. चंदू केणीला काय झालं ते कळेना, म्हणून त्याने हरिचंद्रला विचारलं, आणि प्रश्न सिंधीत होता असं हरिचंद्रने सांगितल्यावर तोही माझ्याकडे बघून हसायला लागला. इतके लोक आपल्याला हसत असताना खुर्चीवर बसून राहायचं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आली नाही त्याने विनोदाच्या गोष्टी मला सांगू नयेत. टहिलरामने त्यानंतर हरिचंद्रची नक्कल कधी केली नाही असं ऐकलं. माझी केली. पुढे बरीच वर्षं केली.

विठाचं लग्न ज्येष्ठात झालं. केणीने सुपारी कशामुळे फोडली ते मला माहीत नाही, विचारणार कोणाला? कचेरीत सगळ्यांना आमंत्रण आलं, साहेबांनासुद्धा. मला आलं नाही.

खेळानंतरच्या सोमवारी मी खिडकी उघडली. रांग नेहमीएवढीच होती, पण कोणी एक शब्द बोलत नव्हतं. हरिचंद्र दाराशी उभा होता आणि त्या दिवशी त्याने कोणाला काहीच विचारलं नाही. पहिली एक म्हातारी होती. तिने कार्ड पुढे केलं, मी हात लावणार तोच मागे घेतलं, आणि खिडकीतून आत वाकून तिच्या भाषेत मला विचारलं, नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोणतं.

रांग थांबलेली होती. मी सांगितलं. चिंतामणी. त्र्यंबक. कुळगाव. दाराशी हरिचंद्र मोठ्याने हसला. त्या वेळी त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.